‘थंडर रोड’ बघायचा असेल तर गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडं बघा

गेल्या दिवाळीत मामा आमच्याकडं देगलूरला मुक्कामाला होता. मामा म्हणजे उभी हयात स्टिअरिंगवर गेलेला माणूस, आधी मेटाडोर, मग ४०७, मग दहा चाकी, नांदेड-हैदराबाद लाइन त्याला तोंडपाठ. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर ‘थंडर रोड’ लावला आणि म्हटलं मामा, दारूच्या गाड्या पळवणाऱ्यांचा जुना इंग्रजी पिक्चर आहे, बघतो का. इंग्रजी त्याला येत नाही. पाच-सात मिनिटं गप बघितलं आणि मग म्हणाला, “थांबीव जरा. गाडी भरल्याली हाय का रिकामी, ते सांग आगोदर. त्याच्याबिगर तो कसा चालवूलालाय ते मला कसं कळंल?”

मी हा सिनेमा तोपर्यंत तीनदा बघितला होता आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या रात्रीपासून माझी बघायची पद्धतच बदलली. म्हणून हे लिहितोय, कारण हा पिक्चर नुसता पाठलागाचा म्हणून बघितला की जुना आणि संथ वाटतो आणि लोक अर्ध्यात सोडून देतात, आणि ते माझ्या मनाला लै लागतं.

आधी ओळख करून देतो. १९५८चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, दीड तासाचा. हीरो रॉबर्ट मिचम, आणि नुसता हीरो नाही, निर्माता तोच, मूळ गोष्ट त्याची, गाण्यांतही त्याचा हात. दिग्दर्शक आर्थर रिप्ले. शूटिंग नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल गावाच्या आसपासच्या डोंगरात झालं. गोष्ट अशी की ल्यूक डूलिन नावाचा माणूस कोरियाच्या युद्धातून घरी परत आलाय, त्याचा बाप आणि खोऱ्यातले बाकीचे लोक चोरून दारू गाळतात आणि ल्यूक रात्री ती गाडीत भरून शहरात पोचवतो. मागं सरकारी माणसं लागलेली, आणि दुसऱ्या बाजूनं शहरातला कोगन नावाचा गुंड सगळा धंदा गिळायला बसलेला. अमेरिकेच्या दक्षिण भागात, गाडीत बसून पिक्चर बघायची जी मैदानं असायची, तिथं हा वर्षानुवर्षं चालला. आपल्याकडं मात्र जुने इंग्रजी सिनेमे आवडीनं बघणाऱ्यांच्या तोंडूनही मी ह्याचं नाव कधी ऐकलं नाही.

आता बघायच्या आधी डोक्यात घेऊन बसायच्या गोष्टी.

पहिली म्हणजे ही दारूबंदीची गोष्ट नाही. अमेरिकेतली दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला सुरू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. हा पिक्चर त्याच्या वीस-पंचवीस वर्षांनंतरचा आहे, दारू दुकानात राजरोस मिळत होती (काही जिल्हे कोरडे होते ते सोडा). मग लपूनछपून कशासाठी? टॅक्ससाठी. १९५१ पासून तिथं केंद्र सरकारचा कर होता गॅलनमागं साडेदहा डॉलर. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. आता हिशोब करा, गाडीत शंभर गॅलन माल धरला तर एका खेपेचा बुडवलेला कर झाला एक हजार पन्नास डॉलर, आणि तेव्हा नवी कोरी फोर्ड यायची दोन हजारांच्या आसपास. दोन खेपांचा कर म्हणजे एक नवी गाडी. हा आकडा डोक्यात ठेवला की सिनेमातली सगळी धावपळ एकदम वेगळी दिसायला लागते.

म्हणूनच मागं लागलेले लोक पोलिस नाहीत, ते तिकडच्या खजिना खात्याचे आहेत. जीन बॅरी हा नट त्यांचा साहेब झालाय, ट्रॉय बॅरेट. आपल्याकडंही बघा, गावात आपण ‘दारूबंदीवाले आले’ म्हणतो पण खात्याचं नाव आहे राज्य उत्पादन शुल्क. शुल्क! नावातच पैसा आहे. सबटायटलमध्ये ट्रेझरी हा शब्द आला की मनात ‘एक्साइजवाले’ असं वाचा, तुम्हाला लगेच सगळं ओळखीचं वाटंल.

आणि मराठवाड्याच्या माणसाला तर हे जास्तच कळायला पाहिजे. आपण आजही कॉन्ट्रॅक्टरला गुत्तेदार म्हणतो, आणि दारूच्या दुकानाला गुत्ता. पुण्या-मुंबईकडच्यांना दुसरा शब्द माहीत असतो, पहिला नसतो. हे दोन शब्द एकच आहेत, निजामाच्या राज्यात आबकारीचा मक्ता लिलावानं दिला जायचा, तो गुत्ता, आणि घेणारा गुत्तेदार. शिंदीचं उत्पन्न निजामाच्या तिजोरीला एवढं महत्त्वाचं होतं की मुक्तिसंग्रामात, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या त्या वर्षभरात, लोकांनी ठरवून शिंदीची झाडं तोडली. दारूवर राग होता म्हणून तेवढंच नाही, सरकारच्या कमाईवर कुऱ्हाड घालायची म्हणून. आमच्या शेजारचे एक आजोबा सांगायचे की त्यांनी पोरवयात रात्री अशी झाडं तोडताना मोठ्यांना कंदील धरला होता. सांगताना ते हात असा वर धरायचे, कंदील अजून हातात असल्यासारखा.

सिनेमातला कोगन नेमका काय करायला बघतोय तर त्याला गुत्तेदार व्हायचंय. खोऱ्यातल्या सगळ्या भट्ट्यांचा माल त्याच्यामार्फत गेला पाहिजे, भाव तो ठरवणार. हे एकदा कळलं की खोऱ्यातली म्हातारी माणसं एकत्र बसून कोगनचं काय करायचं ते ठरवतात तो भाग फार भारी वाटतो. पहिल्यांदा बघताना मला तो रटाळ वाटला होता, आता तो माझा सगळ्यात आवडता भाग आहे. तिथं गाणं नाही, गाडी नाही, नुसती माणसं. पारावर बसलेली आपली माणसं आठवा, बाहेरचा व्यापारी येऊन ‘सगळा माल मलाच द्या’ म्हणला की ज्या पद्धतीनं गप होतात आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, तसं.

दुसरी गोष्ट, डोंगरातल्या शेतकऱ्यानं दारूच का गाळली? दारूच्या नादानं नाही, वाहतुकीनं. तिथं मका पिकायचा आणि रस्ते नव्हते. जुना हिशोब असा सांगतात की एक घोडा पाठीवर चार बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप) धान्य नेऊ शकतो, पण त्याच धान्याची दारू करून लादली तर चोवीस बुशेलचा माल एका घोड्यावर जातो. आडतीला धान्य नेईपर्यंत भाडंच माल खातं हे कुणाला सांगायला नको. त्यांनी मालच लहान करून टाकला. १७९१ साली सरकारनं त्यावर कर बसवला आणि १७९४ ला पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी त्याच्यावरून बंड करून उठले. म्हणजे ल्यूकचा बाप स्वतःला चोर का समजत नाही ह्याचं उत्तर तिथपर्यंत मागं जातं. पटलं पाहिजे असं नाही, पण माहीत पाहिजे.

आता पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

शंभर गॅलन दारूचं वजन होतं साडेतीनशे किलोच्या आसपास, वर भांडी-डबे वेगळे. हे सगळं साध्या फॅमिली कारच्या मागच्या बाजूला. गाडी बसणारच. आणि नाक्यावरचा माणूस दुसरं काही बघत नाही, मागची बाजू बसलीय का तेवढं बघतो. म्हणून खरे दारू पळवणारे मागं जाड पाटे टाकून घ्यायचे, म्हणजे भरलेली गाडी रिकाम्यासारखी सरळ दिसायची. पण मग गंमत अशी की रिकामी परत येताना तीच गाडी ढुंगण वर करून चालायची आणि जाणकाराला त्याच्यावरूनही कळायचं.

हे मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय. आमच्या भागात तीन राज्यांच्या सीमा जवळ, तेलंगणातलं मदनूर पलीकडं हाकेवर. एक माणूस राजदूतवरून हातभट्टीच्या ट्यूबा न्यायचा, ट्रॅक्टरच्या चाकाच्या रबरी ट्यूबा, दोन्ही बाजूला लोंबत्या, वरून घोंगडं. मी आणि मोठा भाऊ चहाच्या टपरीवर उभं होतो. हवालदारानं त्याला थांबवलं, घोंगडं उचललं नाही, काही विचारलं नाही, फक्त तळहात सीटवर ठेवून खाली दाबला. रिकामी गाडी दाबली की खाली जाते आणि वर येते. ही हललीच नाही. आधीच पूर्ण बसलेली होती, अजून बसायला जागाच नव्हती. त्या माणसाचा चेहरा मला आजपण आठवतो, त्याला हात लागल्याबरोबर कळलं होतं. मग घोंगडं सरकलं आणि ट्यूब दिसली, काळी, ताठ, आणि दाबल्यावर म्हशीच्या पोटासारखी आतून हलणारी.

तर सिनेमात गाडी दिसली की दर वेळी ताडायचं, भरलीय का रिकामी. मामानं अजून एक खूण सांगितली ती माझ्याकडून कधीच सुटत नाही आता. मागं वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांवर जातो. “भरल्याल्या गाडीचा उजीड झाडावर असतंय,” असं म्हणाला. रात्रीचे सीन बघताना उजेड कुठं पडलाय ते बघा. कॅमेऱ्यासाठी गाडी खरी भरलेली होती का नव्हती हा प्रश्न नाही, तुमचा डोळा ड्रायव्हरचा होतो हे महत्त्वाचं. मग वळणावर गाडीची शेपूट का फेकली जाते, ब्रेक उशिरा का लागतात, मिचम स्टिअरिंग एवढं सैल का धरतो, हे सगळं बघण्यासारखं होतं. ल्यूकच्या गाडीत मागच्या गाडीसमोर रस्त्यावर ऑइल सोडायची सोय आहे, ती तर कुणालाही आवडंल, पण मला विचाराल तर नुसती शांतपणे जाणारी गाडी जास्त बघा.

कसं बघायचं, तर रात्री, लाइट बंद करून, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. अर्धा सिनेमा अंधारात आहे, दिवसा खिडकी उघडी ठेवून बघितला तर स्क्रीनवर तुमचंच तोंड दिसंल. माळेगावच्या यात्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून ज्यांनी पिक्चर बघितलेत त्यांना सांगायची गरज नाही, काही सिनेमे उघड्या आभाळाच्या जवळचे असतात, त्यातला हा एक. जमलं तर गच्चीवर बघा. सबटायटल लावाच, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, कारण डोंगरातली बोली आहे आणि मिचम शब्द ओठातच ठेवतो. पहिल्या वेळी मध्ये थांबवू नका. थांबवून चर्चा दुसऱ्या वेळी. (मामाचं सोडा, त्याला परवानगी आहे.)

सुरुवातीला एक निवेदक गंभीर आवाजात सरकारी खात्याबद्दल बोलतो, तिथं कंटाळून बंद करू नका, ते संपतं लवकर. गाडीच्या आतले बरेच शॉट स्टुडिओत उभ्या गाडीत बसवून मागं पडद्यावर रस्ता चालवून घेतलेत, ते ओळखू येतं आणि आजच्या डोळ्याला खटकतं. खटकू द्या. बाहेरचे शॉट खऱ्या डोंगरातल्या खऱ्या रस्त्याचे आहेत आणि जीव त्यांच्यात आहे.

ल्यूकचा धाकटा भाऊ रॉबिन, त्याचं काम करणारा पोरगा थोडा अवघडलेला वाटतो, संवाद पाठ केल्यासारखे. मी पहिल्यांदा वैतागलो होतो. मग कळलं की तो जेम्स मिचम आहे, रॉबर्टचा सख्खा मुलगा, शूटिंगच्या वेळी सोळा वर्षांचा. हे कळल्यावर ते सीन परत बघा. रॉबिन गाड्या दुरुस्त करतो, हात चांगला आहे त्याचा, आणि त्याला भावासारखं ड्रायव्हर व्हायचंय. ल्यूक त्याला ते करू देत नाही, रागावतो, बजावतो. तिथं पडद्यावर भाऊ भावाशी बोलतोय पण खरं तर बाप पोराशी बोलतोय, चाळीस वर्षांचा माणूस सोळा वर्षांच्या पोराला सांगतोय की माझ्या लाइनला येऊ नको. मामानं हा सीन भाषा न कळता ओळखला. “पोराला गाडीवर यिऊ नको म्हणूलालाय की हो,” म्हणाला आणि गप झाला. त्याचा पोरगा, माझा मामेभाऊ, आता पुण्यात ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. मी पुढं काही बोललो नाही.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा रॉबिनच्या मागं जा, गोष्ट त्याची आहे असं धरून. आणि तिसऱ्यांदा बायकांच्या. आई, शेजारची रोक्झाना, आणि शहरात क्लबमध्ये गाणारी फ्रान्सी, जी केली स्मिथनं केलीय, ती स्वतः खरी गायिका होती, तिच्या गाण्याला घाईत पुढं ढकलू नका. ह्या तिघी ल्यूकची वाट बघतात आणि पिक्चर त्यांना पुरेसा वेळ देत नाही, हे मला त्यातलं खरं उणं वाटतं.

अजून एक उणं आहे आणि ते मी सांगणारच, कारण ते न सांगता ह्या सिनेमाचं कौतुक करणं मला जमत नाही. दारू पिणाऱ्याच्या घराकडं कॅमेरा जात नाही. माल शहरात उतरला की सिनेमापुरता संपला. पण अमेरिकेत ट्रक-मोटारीचे जुने रेडिएटर दारू थंड करायला वापरायचे, त्याच्या डागातलं शिसं दारूत उतरायचं आणि पिणारे आंधळे व्हायचे, मरायचे. आपल्याकडं जून २०१५ ला मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, मिथेनॉल होतं तिच्यात. आमच्या भागातल्या बायांनी मतदान मागून आडवी बाटली केली ती हौस म्हणून नाही. तेव्हा ल्यूक आवडला तरी (आणि आवडतोच, मिचम तसा माणूसच आहे) गाडीत काय आहे ते विसरू नका. मला वाटतं हे लक्षात ठेवून बघितलं की शेवट जास्त जड होतो. शेवट काय ते सांगत नाही.

बघून झालं की ज्युनिअर जॉन्सनबद्दल वाचा. नॉर्थ कॅरोलायनातल्याच विल्क्स काउंटीचा माणूस, बापाची भट्टी, रात्री माल पळवून हात बसलेला, नंतर मोटार रेसिंगमध्ये मोठं नाव. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, अकरा महिने जेलमध्ये काढले, आणि १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली. म्हणजे सिनेमा बनत होता त्याच्या आगंमागं एक खरा ल्यूक जेलमध्ये जाऊन आला होता. मोटारींच्या रेस भरवणारी तिकडची मोठी संघटना नॅसकार १९४८ ला उभी राहिली, तिचे सुरुवातीचे बरेच ड्रायव्हर अशाच रस्त्यांवर तयार झाले होते.

कुणासोबत बघायचं हे शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमाचे जाणकार मित्र असतात त्यांच्यासोबत नंतर बघा. आधी अशा कुणासोबत बघा ज्यानं आयुष्यात वजन वाहिलंय. टेम्पोवाला, दूध संघाची गाडी चालवणारा, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर दोन ट्रेलर ओढणारा, एसटीतून रिटायर झालेला काका. त्यांना गोष्ट आधी सांगू नका, नुसता पिक्चर लावा आणि ते काय विचारतात ते ऐका, शक्य झालं तर लिहून ठेवा.

आणि संपल्यावर गाणं ऐकवा. मिचमनं स्वतः गायलेली रेकॉर्ड त्याच वर्षी, १९५८ लाच निघाली होती. त्यात ड्रायव्हरच्या रस्त्यावरची गावं एकामागं एक येतात, हार्लन, कंबरलँडची खिंड, मेनर्डव्हिल, नॉक्सव्हिल. मामाला बाकी एक शब्द कळला नाही, पण गावं कळली, कारण तोही पोरं विचारायची तेव्हा तसाच म्हणायचा, देगलूर, नरसी, नायगाव, नांदेड. त्यानं गाणं परत लावायला सांगितलं, मग मला मोबाइलवर नकाशा उघडायला लावला आणि हार्लन ते नॉक्सव्हिल किती पडतं ते विचारलं. दीडशे किलोमीटरच्या आसपास, मी म्हटलं, घाटाचा रस्ता. मामा जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

“रात्रीतून एकच खेप व्हती मग,” म्हणाला. “दुसरीला उजाडतंय.”